घर बंद, समाधान

१

मे महिन्यात नया रायपूरला दुपारी बारा वाजता रस्त्यावर माणूस दिसला, तर तो एक तर गार्ड असतो, नाहीतर माझ्याकडे तक्रार घेऊन निघालेला भाडेकरू. राजधानी नवी कोरी. रस्ते सहापदरी, दुभाजकावर फुलझाडं, इमारती चकाचक; फक्त राहायला माणसं यायची बाकी आहेत. आमच्या संकुलात पाच टॉवर आणि साडेचारशे फ्लॅट. त्यातले दीडशे भरलेले. बाकीच्यांचे मालक भिलाईला, नागपूरला, कोणी दुबईला बसून भाव चढायची वाट बघतात. भाडेकरूंची गाऱ्हाणी ऐकायला आणि निस्तरायला देखभाल कंपनीने मला ठेवलेलं आहे. मी कौमुदी. या खुर्चीत सहा वर्षं झाली.

रोज सकाळी चौबे कॉलोनीतल्या घरून निघायचं, बसने तासभर यायचं. घरी मी आणि आई, दोघीच. आई डब्याबरोबर पाण्याच्या दोन बाटल्या भरून देते. मला तेव्हा फार तहान लागायची. दोन्ही बाटल्या दुपारच्या आत संपायच्या.

कामाची पद्धत आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. प्रत्येक टॉवरला लिफ्टजवळ एक पेटी. तक्रार कागदावर लिहून तिच्यात टाकायची. कंपनीने मधे मोबाइलवरचं काहीतरी काढलं होतं, ते तिसऱ्या दिवशी झोपलं ते उठलंच नाही. मी सकाळी पेट्या उघडते, तक्रारीला नंबर देते आणि पावती फाडते. गुलाबी पावती कारागीर वर घेऊन जातो, पांढरी ऑफिसात राहते. दोन्हींवर रकाने तेच: कोण गेला, किती वाजता गेला, किती वाजता परतला, आणि शेवटी भाडेकरूची सही. सही झाली की तक्रार बंद. दुपारी एक वाजता हेड ऑफिसला रिपोर्ट जातो. अठ्ठेचाळीस तासांवर एकही तक्रार उघडी दिसली की तिकडून फोन येतो, आणि फोनवरचा माणूस कधी गोड बोलत नाही.

आता एकच्या आत सगळी कामं होतात थोडीच! म्हणून कारागीर वर गेला की मी इकडे पांढऱ्या पावतीवर परतल्याची वेळ टाकून देते, भाडेकरूच्या जागी एक वळणदार सही ठोकते आणि शेरा मारते, ‘समाधान’. फ्लॅटला कुलूप असेल तर ‘घर बंद, समाधान’. घर बंद असेल तर समाधान नेमकं कोणाचं झालं, हे सहा वर्षांत हेड ऑफिसमधल्या एकानेही विचारलेलं नाही. सगळेच असं करतात. कागद पुढे पळतो, माणूस मागून येतो, एवढंच.

माणूस म्हणजे बहुतेक वेळा हिरालाल. आमचा प्लंबर. बाजूच्याच गावचा, पन्नाशीतला, काळा कुळकुळीत, हाडापेराने मजबूत. त्याची बायको अंजनाबाई सी टॉवरचे जिने झाडते. हिरालालच्या दोन गोष्टी सगळ्या संकुलाला माहीत: काम करताना तो सतत शीळ घालतो, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली दोन लिटरची बाटली त्याच्या खांद्यावरून कधी उतरत नाही. माझ्या बाटल्या संपल्या की तो न विचारता माझा ग्लास भरून ठेवायचा. भावाने केलं नसतं इतकं त्याने माझं केलेलं आहे.

२

सातशे चार नंबरची पहिली तक्रार एका मंगळवारी आली. सी टॉवर, सातवा मजला. ‘बाथरूमचा नळ टपकतो. कृपया माणूस पाठवावा.’

त्यात दोन गोष्टी चुकीच्या होत्या. एक म्हणजे सातशे चार फेब्रुवारीपासून रिकामा. मालक भिलाईचे, चावी माझ्या ऑफिसात खिळ्याला, आणि पाण्याचा व्हॉल्व्ह मी स्वतः उभं राहून बंद करवलेला. दुसरी म्हणजे तक्रार मराठीत होती. आमच्याकडे सगळे हिंदीत लिहितात. अक्षर शाळेतल्या बाईंसारखं, नीट, ओळीवर बसलेलं.

संकुलात मराठी लिहिणारा माणूस एकच, सातशे दोनमधले नाना. रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे वर्ध्याचे, बायको गेल्यापासून एकटे. तक्रार करणं हा त्यांचा जोडधंदा. मी फोन लावला.

“नाना, नळ तुमचा टपकतो का? नंबर चुकला तुमचा.”

“माहा नळ ठणठणीत आहे. अन् मी तक्रार करतो ते सोताच्या नावानं करतो, बेटा. रेल्वेत तीस वर्षं काढली, निनावी चिठ्ठी कधी लिहिली नाही.”

म्हातारा खोटं बोलतोय असं मी ठरवलं. कागद फेकून द्यायला हवा होता. पण पेटीतून निघालेल्या कागदाला मी सवयीने नंबर देऊन बसले होते, आणि नंबर पडला की ती तक्रार बंद करावीच लागते. पावती फाडली. हिरालाल चावी घेऊन बारा वाजून पाच मिनिटांनी वर गेला. सव्वाबाराला मी पांढऱ्या पावतीवर परतल्याची वेळ लिहिली, बारा चाळीस. सही ठोकली. समाधान. एक वाजता रिपोर्ट गेला तेव्हा तो वरच होता.

तो दीड वाजता खाली आला.

“क्या हुआ?”

“नल म कुछु नइ हे, मैडम. सुक्खा परे हे.”

चावी त्याने खिळ्याला अडकवली आणि स्टुलावर बसला. त्याचा खांदा मोकळा होता.

“बोतल?”

“ऊपर छूट गे.”

मे महिना, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि हा माणूस बाटली आणायला उठला नाही. मला ते जाणवलं खरं. पण टेबलावर पाच तक्रारी होत्या आणि एक बाई लिफ्टवरून भांडायला दारात उभी होती.

३

गुरुवारी पेटीत दुसरा कागद. तेच अक्षर.

‘नळ दुरुस्त झाला. परंतु आपला माणूस अजून आत आहे. कृपया घेऊन जावे.’

हिरालाल माझ्या समोर ऑफिसचा कूलर उघडून बसला होता. मी हसत हसत त्याला कागद वाचून दाखवला, हिंदीत करून. म्हटलं, बघ, नानांचं डोकं उन्हाने फिरलं. एरवी असल्या गोष्टीवर हिरालाल अर्धा तास हसला असता आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गार्डना सांगून आला असता. त्याने मान वर केली, “हव”, म्हणजे हो, एवढंच म्हणाला, आणि पुन्हा कूलरमध्ये हात घातला.

मी शेरा मारला, ‘घर बंद, समाधान’.

शनिवारी तिसरा. ‘आपला माणूस पाणी मागतो. येथे पाणी नाही.’

आता मात्र माझं डोकं तापलं. थट्टेलाही काही मर्यादा असते. मी तीनही कागद घेऊन सातव्या मजल्यावर गेले आणि नानांच्या पुढ्यात आपटले. नानांनी चष्मा लावला, एकेक कागद वाचला, आणि माझ्यावर उखडायच्या ऐवजी चेहरा पाडून बसले.

“हे मी नाही लिहिलं, पोरी. माह्या हाताले कंप आहे, दोन वर्षांपासून. हे पाह्य.”

त्यांनी हात पुढे केला. तो थरथरत होता. इतकी वर्षं त्यांच्या तक्रारी वाचते मी, ते वाकडंतिकडं अक्षर मला पाठ होतं, आणि हे मला सुचू नये!

“पन मले एक सांग,” ते म्हणाले, “बाजूच्या घरात कोन बसवलं तुम्ही? शीळ घालून राहिला दिवसभर.”

“ते घर बंद आहे, नाना.”

“बंद आहे त बंद आहे. शीळ मी चार दिवसांपासून आयकून राहिलो.”

बाहेर येऊन मी सातशे चारच्या दाराशी उभी राहिले. आजूबाजूला कोणी नाही हे बघून घेतलं आणि दाराला कान लावला. आधी काहीच नाही. मग एक बारीक आवाज. शीळ म्हणावी तर सूर लागत नव्हता. तोंड कोरडं पडलं की शीळ वाजत नाही, नुसती हवा जाते. तशी हवा येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती.

रिकाम्या इमारतीत डक्टमधून वारा शिरतो आणि वाट्टेल ते आवाज करतो. मी स्वतः भाडेकरूंना हे शंभरदा समजावलेलं आहे. तेच मी स्वतःला समजावलं आणि जिन्याने खाली आले. लिफ्टची वाट बघत तिथे थांबायचा मला धीर झाला नाही.

४

सोमवारी अंजनाबाई आली. ऑफिसच्या दारात उभी राहून पदराने चेहरा पुसत राहिली. घामच पुसतेय असं मला वाटलं.

“मैडम, ओ ह पानी नइ पियत हे.”

“कौन?”

“हमर घर के. छै दिन होगे.”

सहा दिवस. मी म्हटलं, हिरालाल बाहेर पीत असेल. ती नाही म्हणाली. घरच्या मडक्याचं पाणी तिने रोज मोजून बघितलं होतं. जेवायला बसतो, ताटातलं चिवडतो, ताट सरकवतो. रात्रभर डोळे उघडे ठेवून पडतो. भांडत नाही, रागवत नाही, नातवाला उचलत नाही. कामावर वेळेवर जातो, वेळेवर येतो.

मग तिने आवाज खाली आणला.

“मैडम, ए ह मोर आदमी नोहे.”

हा माझा माणूस नाही, म्हणाली. मी तिला बसवलं, पाणी दिलं, धीर दिला. उन्हाने होतं असं, डॉक्टरकडे नेऊ, म्हटलं. ती ग्लास दोन्ही हातांत धरून बसून राहिली.

खरी शरमेची गोष्ट इथे सांगते. त्या सहा दिवसांत हिरालालचं काम फार सुधारलं होतं आणि मी मनातून खूश होते. चहाला जात नव्हता, गप्पा मारत नव्हता, एका पावतीवरून दुसऱ्या पावतीवर सरळ जात होता. रिपोर्ट इतके साफ कधीच गेले नव्हते. माणूस बिघडला, तर मला तो कामाला लागलेला दिसला.

दुपारी तो पावत्या द्यायला आला तेव्हा मी ग्लास भरून त्याच्या पुढे ठेवला. “पी लो, हिरालाल.”

“हव,” म्हणाला. ग्लास उचलला, ओठाला लावला, खाली ठेवला. पाणी काठोकाठ तसंच होतं. त्याच्या कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता. ओठ मात्र एखाद्या लहान मुलासारखे ओलसर आणि नितळ होते. मी त्या ओठांकडे बघत राहिले.

वर कोणीतरी पाणी मागत होतं. आणि वर जाणाऱ्याच्या नावापुढे, तो परत यायच्या आधीच, परतल्याची वेळ मी टाकली होती.

५

बंद झालेली तक्रार पुन्हा उघडता येते. त्याला ‘रीओपन’ म्हणतात. पांढऱ्या पावतीवरची सही खोडायची, कारण लिहायचं, नवी गुलाबी फाडायची. सहा वर्षांत मी एकही रीओपन केलेलं नव्हतं. त्याचा मला तोरा होता. मंगळवारी सकाळी मी सातशे चारची पावती काढली, माझी ती वळणदार सही खोडली, परतल्याची वेळ खोडली. कारणाच्या जागी लिहिलं, ‘माणूस आत राहिला’. नवी गुलाबी फाडली, हिरालालच्या नावाची. माझ्या नावाची पावती फाडायचं मला सुचलं नाही. मी काही कारागीर नव्हे.

बारा वाजता आम्ही वर गेलो. पुढे मी, मागे हिरालाल, त्याच्यामागे अंजनाबाई. तिच्या हातात पाण्याने भरलेला पितळी लोटा होता. मी कुलूप उघडलं.

हिरालाल उंबऱ्यापाशी थांबला.

“मैडम, काम तो बंद होगे हे. सही होगे हे.”

“वो सही मेरी थी,” मी म्हटलं. “मैंने काट दी.”

आठ दिवसांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. त्यात राग नव्हता. मग “हव” म्हणाला आणि माझ्या मागोमाग आत आला. अंजनाबाईला मी बाहेरच उभं राहायला सांगितलं.

रिकाम्या फ्लॅटची मला सवय आहे. बंद घराचा, रंगाचा, धुळीचा वास असतो. इथे तसलं काही नव्हतं. हवा थंड होती. हॉलमध्ये खिडकीजवळ रंगाऱ्यांनी टाकून दिलेली प्लास्टिकची एक खुर्ची, बाकी काही नाही. फरशीवर धूळही नव्हती. कोणीतरी रोज पुसत असावं इतकी ती स्वच्छ होती. माझ्या चपलांचा आवाज होत होता. मागून येणाऱ्याच्या पायांचा होत नव्हता.

बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. आतून ती हवा येत होती, थांबत, पुन्हा येत.

मी दारापर्यंतही गेले नाही. हॉलमधून जेवढं दिसलं तेवढंच सांगते. बेसिनखाली उकिडवा बसलेला एक माणूस. पाठ माझ्याकडे. खाकी शर्टाखालून मणके दिसत होते. मानेत काळा दोरा. बाजूला गोणपाटातली बाटली आडवी पडलेली, गोणपाट वाळून कडक झालेलं. पाना त्याच्या हातात होता आणि तो कोरड्या नळाचा तोच आटा आवळत होता, सोडत होता, आवळत होता. त्याने मान अर्धी वळवली. ओठ पांढरे पडून चिरले होते.

“मैडम... पानी...”

आणि हिरालाल माझ्या मागे, हातभर अंतरावर उभा होता.

मी खिडकीजवळच्या त्या खुर्चीवर बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला क्षणभर वाटला. हातातली पावती मांडीवर होती. बाहेर नवा रस्ता सरळ पडलेला होता, त्याच्यावर चिटपाखरू नव्हतं. मनात एकच होतं, की या माणसाला मी इथे ठेवून गेले आणि आठ दिवस खाली बसून समाधान लिहीत राहिले. मला रडू आलं. ते शेवटचं.

मग मी उठले, आणि कोणाकडेही न बघता म्हटलं, “हिरालाल, चलो. काम हो गया.”

“हव,” म्हणून दोन आवाज आले. एक फाटका, एक साफ.

मी दाराकडे चालत गेले. वळून पाहिलं नाही. मागून पावलं ऐकू येत होती. फरपटत, पण वाजत. एकाचीच. उंबरा ओलांडला तसा अंजनाबाईने माझ्या खांद्यावरून लोटा पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा, छातीवर सांडत, ठसका लागला तरी न थांबता रिकामा केला. अंजनाबाई मोठ्याने रडायला लागली. रडता रडताच तिने दार ओढून घेतलं आणि कडी घातली, वर मी कुलूप लावलं.

आतून कोणी दार वाजवलं नाही. जो आत राहिला त्याला कशाची गरजच नव्हती.

६

बुधवारी पेटीत ती गुलाबी पावती निघाली. मी खुर्चीवर विसरून आले होते. परतल्याची वेळ भरलेली होती आणि सहीच्या रकान्यात, सहा वर्षांत पहिल्यांदा, त्या फ्लॅटची स्वतःची सही होती. ‘समाधान.’ तेच नीट अक्षर.

हिरालाल चार दिवस घरी झोपून होता. पाचव्या दिवशी नवी बाटली घेऊन आला आणि शीळ घालत कामाला लागला. सातशे चारबद्दल मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. हेड ऑफिसमधून रीओपनबद्दल फोन आला. तो माणूस दहा मिनिटं ओरडला. मी ऐकून घेतलं. मला काहीच वाटलं नाही.

एकूणच त्यानंतर माझं बरं चाललं होतं. दुपारचं डोकं दुखायचं ते थांबलं. भाडेकरू भांडायला आले तरी आवाज चढत नव्हता. एकच्या आत सगळ्या पावत्या होत होत्या.

आठवड्याने आईने संध्याकाळी माझी पिशवी रिकामी केली आणि दोन्ही बाटल्या ओट्यावर ठेवल्या.

“काहून वो, पाणी पीत नाहीस का? कालही भरलेल्या आणल्या, परवाही.”

“तहान नाही लागली.”

“या उन्हात?”

तिने एक ग्लास भरला आणि माझ्या पुढे ठेवला. मी उचलला, ओठाला लावला, खाली ठेवला. आई ग्लासकडे बघत होती. मग माझ्या ओठांकडे. तिचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, घराच्या फाटकाबाहेर ती वर्षभरात पडलेली नाही. ती मग भिंतीला धरून उभी राहिली.

“कौमुदी कुठं आहे?”

“आई, मीच आहे.”

तिने ग्लास उचलून नेला. त्या रात्री तिने तिच्या खोलीला आतून कडी लावली. तेव्हापासून रोज लावते. बाटल्या मात्र अजून भरून देते.

७

दुसऱ्या दिवशी पेटीत कागद होता.

‘मॅडम अजून येथे खुर्चीवर आहेत. पाणी मागतात. कृपया घेऊन जावे.’

मी तो दोनदा वाचला. घाबरायला हवं, हे मला समजत होतं. हिरालालला आणायला गेलो तेव्हा काय झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. एक बाहेर येतो, एक आत राहतो. आत राहणाऱ्याला त्रास काही नसतो, पण तो आत राहतो. मी इकडे ठीक होते. काम होत होतं. शिवाय पद्धतीप्रमाणे रीओपन करायला आधीची पावती लागते, आणि माझ्या नावाची पावती कोणी फाडलीच नव्हती.

मी शेरा मारला. चावी खिळ्यावरून काढून कुरिअरने भिलाईला मालकाकडे पाठवून दिली.

दुपारी नाना काठी टेकत खाली आले. ते सहसा खाली येत नाहीत.

“बाजूच्या घरात बाई आहे कोनी. ‘आई, आई’ करून राहिली. मले झोप नाही, बेटा. काही कर ना.”

“डक्टमधला वारा आहे, नाना.”

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग काठी सावरून निघून गेले. दारात हिरालाल उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. माझ्या टेबलावरच्या दोन बाटल्या त्याला दिसल्या. आईने सकाळी भरल्या होत्या तशाच, गळ्यापर्यंत. त्याची शीळ थांबली.

“मैडम,” तो म्हणाला, “सात सौ चार के चाबी देव.”

“चाबी नहीं है. भिलाई भेज दी.”

तो उभाच राहिला. डोळे भरून आले त्याचे. मग त्याने पुढे होऊन माझ्या दोन्ही बाटल्या उचलल्या, एकेका काखेत घेतल्या आणि सी टॉवरकडे चालू लागला.

त्यानंतर तो रोज जातो. अंजनाबाई लोटा घेऊन त्याच्यामागे असते. सातशे चारच्या दारासमोर दोघं मांडी घालून बसतात आणि दाराखालच्या फटीतून पाणी आत ओततात, थोडं थोडं. नानांनी तक्रार केलेली नाही. सातशे पाचवाल्यांनी केली, जिन्यात पाणी येतं म्हणून. ती मी बंद केली.

आज सकाळी पेटीत एकच कागद होता. अक्षर तेच, नीट, ओळीवर बसलेलं.

‘पाणी मिळाले. मॅडम विचारतात, आई कशी आहे.’

मी कागदाला नंबर दिला. पांढरी पावती काढली. सहीच्या रकान्यात सही केली आणि खाली लिहिलं, ‘घर बंद, समाधान’.

एकच्या आत रिपोर्ट गेला.